इंजिनावर आळ घेण्याआधी

गाडी सिग्नलला उभी आहे. स्टिअरिंग थरथरतंय, आरशातलं चित्र हलतंय, मागे सायलेन्सरमधून अडखळत ‘फट् फट्’ ऐकू येतंय आणि पुढे चढ लागला की गाडीला दम लागतोय. गॅरेजमध्ये या सगळ्याला एकच शब्द आहे, ‘मिसिंग’, म्हणजे एखादा सिलेंडर आपल्या पाळीला पेटत नाही. गाडी पंधरा-वीस वर्षांची असेल तर त्यानंतरचं वाक्यही बहुतेक ठरलेलं असतं: ‘साहेब, इंजिन गेलंय. खर्च करण्यापेक्षा दुसरं टाकून घ्या.’ बोनेट उघडल्यावर पाच मिनिटांत असा निकाल मिळाला, तर तो मानू नका. इंजिन खरंच गेलेलंही असू शकतं. पण काहीही न मोजता ते कुणालाच कळत नाही.

उदाहरणाला मारुती ८०० घेऊ. डिसेंबर १९८३ मध्ये आलेली आणि २०१४ च्या जानेवारीपर्यंत बनत राहिलेली ही गाडी आजही गावोगाव दिसते. तिचं ७९६ सीसीचं तीन सिलेंडरचं इंजिन हा विषय समजून घ्यायला फार सोयीचं आहे. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलेंडर इंजिनाच्या दोन फेऱ्यांमध्ये एकदा पेटतो. दोन फेरे म्हणजे ७२० अंश. ते तिघांत वाटले की दर २४० अंशांना एक धक्का बसतो. मिनिटाला ९०० फेरे धरले तर सेकंदाला साडेबावीस धक्के. इतके लागोपाठ आलेले धक्के आपल्याला सलग घरघर वाटतात. त्यातला एक सिलेंडर मुका झाला की सेकंदाला साडेसात वेळा एक खड्डा पडतो, आणि एवढी संथ थरथर हाताला, पाठीला, दातांनासुद्धा जाणवते. ताकदीचा तिसरा हिस्सा जातो तो वेगळाच.

नव्या गाड्यांमधला संगणकही नेमका हाच खड्डा शोधतो. क्रँकशाफ्ट म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा. त्याच्याबरोबर फिरणाऱ्या चाकाचे दाते सेन्सरसमोरून किती वेळात गेले ते तो मोजत राहतो. ज्याच्या पाळीला क्रँक किंचित रेंगाळला, तो सिलेंडर चुकला. मग स्कॅनरवर पी०३०१ दिसला तर पहिला सिलेंडर, पी०३०२ म्हणजे दुसरा, आणि पी०३०० असेल तर चूक एका जागी ठरत नाही. मात्र हा कोड फक्त कोण चुकलं ते सांगतो, का चुकलं ते सांगत नाही. कार्बुरेटरच्या, म्हणजे हवा-पेट्रोल संगणकाविना मिसळणाऱ्या जुन्या गाडीत तर ही सोयच नाही. तिथे कान, हात आणि दोन-तीन साधी साधनं यांच्यावरच भागवायचं.

सिलेंडर पेटायला तीन गोष्टी लागतात. हवा-पेट्रोलचं योग्य मिश्रण हवं, ते दाबून धरणारा बंद सिलेंडर हवा, आणि वेळेवर पडणारी ठिणगी हवी. इंजिन बदलण्याची वेळ यातल्या फक्त दुसऱ्या गोष्टीमुळे येते, आणि तीही दर वेळी नाही. म्हणून पहिला प्रश्न असा विचारायचा: गाडी *कधी* मिसिंग करते?

या ‘कधी’त अर्धं निदान आहे. चौथ्या गिअरमध्ये खंबाटकी घाट चढताना गाडी अडखळते, पण उभी असताना शांत चालते, तर संशय ठिणगीवर घ्यावा. उघड्या हवेत एक मिलिमीटरचं अंतर ओलांडायला विजेला साधारण तीन-चार हजार व्होल्ट पुरतात. सिलेंडरमध्ये मात्र मिश्रण आठ-नऊ पट दाबलेलं असतं. वायू जितका दाट, तितकी वीज त्यातून वाट काढायला जड जाते, आणि लागणारं व्होल्टेज कित्येक पटींनी वाढतं. ॲक्सिलरेटर दाबला की सिलेंडर पूर्ण भरतो, दाब सर्वांत जास्त होतो, आणि थकलेली कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी), चिरलेली प्लग वायर किंवा टोकांमध्ये जास्त अंतर पडलेला प्लग नेमका तिथे हार मानतो. विजेला प्लगच्या टोकापेक्षा वायरच्या चिरेतून बॉडीकडे उडी मारणं सोपं पडतं. म्हणूनच प्लग काढून बॉडीला टेकवायचा, ठिणगी दिसली की ‘करंट बरोबर आहे’ म्हणायचं, ही गॅरेजमधली लाडकी परीक्षा फारशी कामाची नाही. बाहेर पडलेली ठिणगी आतही पडेलच असं नाही. मुंबई-पुण्यात सीएनजी किट बसवलेल्या गाड्यांना हा अनुभव आधी येतो, कारण गॅसच्या मिश्रणाला पेट्रोलपेक्षा जोरदार ठिणगी लागते. पेट्रोलवर सुरळीत आणि गॅसवर मिसिंग असेल तर आधी प्लग आणि वायर बघावी.

पावसाळ्यातली मिसिंग याच घराण्यातली. जून उजाडला की कोकणात सकाळी गाडी धड पेटत नाही आणि दहा वाजता ऊन पडलं की सुतासारखी सरळ होते. डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे एकेका प्लगला वीज वाटणाऱ्या भागाच्या, टोपणाला आतून केसाएवढी चीर असते, दमट हवेत तिच्यात ओल बसते, वीज तिथून पळते आणि जाता जाता कोळशाची एक काळी रेघ सोडून जाते. टोपण काढून उजेडात धरलं तर ही रेघ दिसते. रात्री अंधारात इंजिन चालू ठेवून, हात लांब ठेवून, प्लगच्या वायरींवर पाण्याचा हलका फवारा मारला तर गळकी वायर निळसर चमकते.

याच्या उलट, उभ्या गाडीला मिसिंग आहे आणि वेग घेतला की ती विरघळून जाते, तर कुठेतरी गळती आहे. सिलेंडरकडे हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून (सांधा बंद करणाऱ्या पट्टीतून) किंवा तडकलेल्या व्हॅक्युम पाइपमधून जादा हवा शिरत असेल, तर संथ गतीला तेवढ्यानेही मिश्रण पातळ पडतं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडतं. वेगात आत येणारी हवाच इतकी असते की त्या चोरट्या हवेला काही किंमत राहत नाही. सिलेंडरच्या दाबाची गळतीही तशीच वागते, कारण वेगात गळायला वेळच मिळत नाही.

आता कोणता सिलेंडर, ते शोधायचं. इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची वायर रबरी पकडीच्या पक्कडीने क्षणभर काढायची. उघड्या हाताने कधीच नाही, कारण तिथे वीस-पंचवीस हजार व्होल्ट असतात. चांगल्या सिलेंडरची वायर काढली की इंजिन आणखी ढासळतं. ज्याची वायर काढून काहीच फरक पडला नाही, तो सिलेंडर आधीपासूनच मेलेला. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेवरचा धूर शुद्ध करणारा भाग) असलेल्या गाडीत हा खेळ दोन-चार सेकंदांवर नेऊ नये. न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो आतून वितळतो. इंजेक्शनच्या गाडीत वायरऐवजी इंजेक्टरचा कनेक्टर काढणं जास्त सुरक्षित.

मेलेल्या सिलेंडरचा प्लग शेजारच्याशी बदलून बघायचा. दोष प्लगबरोबर शेजारी गेला तर काही शे रुपयांत काम झालं. प्लगचा रंगही वाचावा. तपकिरी-करडा चांगला. कोरडी काजळी असेल तर मिश्रण जाड, म्हणजे पेट्रोल जास्त; तेलकट चिकटा असेल तर ऑइल वर येतंय. आणि एकच प्लग धुऊन काढल्यासारखा स्वच्छ, तर तिथे रेडिएटरचं पाणी शिरत असण्याची शक्यता मोठी.

आणखी एक पुरावा आपल्या सगळ्यांच्या गाडीच्या खणात पडलेला असतो: पीयूसीची चिठ्ठी. तिच्यावर सीओ आणि एचसी असे दोन आकडे असतात. सीओ अर्धवट जळलेल्या पेट्रोलचा, एचसी मुळीच न जळलेल्याचा. दोन्ही वाढले असतील तर मिश्रण जाड आहे. सीओ ठीक आणि एचसी मात्र भलताच वर, तर पेट्रोल आत जातंय आणि न पेटताच बाहेर येतंय. हीच मिसिंग. दर वेळची चिठ्ठी फेकू नका, मागच्या वर्षीच्या आकड्याशी ताडून बघा.

एवढं करूनही सिलेंडर जिवंत झाला नाही, तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरमधला दाब, मोजायचं. इंजिन गरम करून तिन्ही प्लग काढायचे, कॉइलची आणि पेट्रोलची जोडणी सोडवायची, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायचा आणि गेज लावून प्रत्येक सिलेंडरला स्टार्टरचे सारखेच चार-पाच फेरे द्यायचे. बॅटरी भरलेली हवी. पेट्रोल इंजिनात चौरस इंचाला साधारण दीडशे ते एकशे ऐंशी पाउंड दिसतात. आकड्यापेक्षा महत्त्वाचा असतो आपापसातला फरक. १६०, १५५ आणि ९० आले, तर गुन्हेगार सापडला. तिन्ही सारखेच कमी आले, तर इंजिनाला नावं ठेवण्याआधी व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर ठेवणारा टायमिंग बेल्ट दाता सोडून बसलाय का ते बघावं. शेजारचे दोन कमी असतील तर त्यांच्यामधल्या हेड गॅस्केटवर, म्हणजे सिलेंडरवरच्या झाकणाखालच्या (हेडखालच्या) पट्टीवर, बोट ठेवावं.

कमी आलेल्या सिलेंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजतात. आकडा चढला, तर ऑइलने पिस्टनभोवतीच्या रिंगांची फट बुजवली, म्हणजे झीज रिंगांची किंवा बोअरची (सिलेंडरच्या आतल्या भिंतीची). आकडा हललाच नाही, तर गळती वर, व्हॉल्व्हमध्ये (मिश्रण आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपांत) किंवा गॅस्केटमध्ये. हा एक चमचा ऑइल इंजिन उतरवण्याचा निर्णय फिरवू शकतो.

आणि इथेच माझा खरा आग्रह आहे. व्हॉल्व्हमधून गळती निघाली की हेड खोलायची घाई होते. त्याआधी टॅपेटचा गॅप मोजा. तापल्यावर व्हॉल्व्हची दांडी लांबते, म्हणून थंड असताना तिच्या आणि तिला दाबणाऱ्या रॉकरच्या मध्ये एक बारीक फट ठेवलेली असते, मिलिमीटरच्या सहाव्या-सातव्या हिश्शाएवढी. बरीच वर्षं सीएनजीवर चाललेल्या जुन्या गाडीत व्हॉल्व्हची बैठक झिजते, व्हॉल्व्ह हेडमध्ये आत आत सरकतो आणि ही फट हळूहळू मिटते. मग इंजिन तापलं की व्हॉल्व्ह पूर्ण बसतच नाही. दाब गळतो, सिलेंडर चुकतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, म्हणजे जळका धूर बाहेर सोडणारा, आपली बहुतेक उष्णता बैठकीला टेकून बाहेर टाकतो. टेकणंच बंद झालं की त्याची कड जळू लागते. या सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे शांतता. सैल टॅपेट टकटक करतात, म्हणून त्यांच्याकडे लक्ष जातं. घट्ट झालेले टॅपेट आवाजच करत नाहीत. मालक खूश असतो की इंजिन किती गुळगुळीत चालतंय, आणि आत व्हॉल्व्ह जळत असतो. वेळेत पकडलं तर फिलर गेज (फट मोजायची पातळ पाती), पाना, स्क्रू ड्रायव्हर आणि तासाभराचं काम. कड जळून गेली असेल तर हेड उतरवून व्हॉल्व्ह आणि बैठक करावी लागते. तेव्हाही खालचं इंजिन शाबूत असतं.

रिंगा आणि बोअर गेले असतील, ॲक्सिलरेटर दाबून वेग घेताना निळा धूर येत असेल, ऑइल दर आठवड्याला कमी होत असेल, तर मात्र इंजिनाचं काम टळत नाही. पिस्टन-रिंग बदलून इंजिन बांधणं की भंगारबाजारातून दुसरं आणणं, हा हिशेब तेव्हा करायचा. दुसरं इंजिन आणलं की आरसीवरचा इंजिन नंबर बदलतो, आरटीओची फेरी येते, आणि त्या इंजिनाची कागदपत्रं नसतील तर ते चोरीचंही निघू शकतं. शिवाय ते गाडीतून का काढलं गेलं होतं, हे विकणारा सांगत नाही. गिअरबॉक्स आणि स्टार्टर लागलेला असेल तर जमिनीवर ठेवलेलं इंजिनही बॅटरी जोडून फिरवता येतं. पैसे मोजण्याआधी त्याच्या तिन्ही सिलेंडरना गेज लावून आकडे लिहून घ्या आणि आपल्या जुन्या इंजिनाच्या आकड्यांशेजारी ठेवा.