जिवंत शिक्षक म्हणून बायबल

ख्रिस्ती माणसासाठी बायबल, म्हणजे मराठीत पवित्र शास्त्र, हा कपाटात ठेवून पुजायचा ग्रंथ नाही, तो आजही बोलणारा, शिकवणारा आणि चुकलं तिथं सरळ टोकणारा गुरू आहे. याला आधार बायबलमध्येच सापडतो. इब्री लोकांस पत्र ४:१२ मध्ये देवाचं वचन सजीव आणि सक्रिय आहे असं म्हटलंय, २ तीमथ्य ३:१६ प्रमाणे शास्त्र बोध करायला, दोष दाखवायला आणि सुधारायला उपयोगी आहे, आणि योहान १४:२६ मध्ये येशू शिष्यांना सांगतो की पवित्र आत्मा तुम्हाला सगळं शिकवील. म्हणजे कागदावरची अक्षरं एकटी शिकवत नाहीत, वाचणाऱ्याला आत्मा शिकवतो, आणि हे मुळातलं लक्षात घेतलं नाही तर पुढचं काहीच कळत नाही.

प्रोटेस्टंट बायबलात ६६ पुस्तकं आहेत, कॅथलिक बायबलात ७३. प्रोटेस्टंट शास्त्रालाच शेवटचा अधिकार देतात, कॅथलिक त्याच्या जोडीला चर्चची परंपरा धरतात, पण सगळ्या विश्वासूंनी शास्त्र वाचावं असं कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंही १९६५ मध्ये आवर्जून सांगितलंय.

खान्देशात हे शिक्षण जास्त करून कानातून आलं. भुसावळ, जळगाव, चाळीसगाव भागात अलायन्स मिशन ही ख्रिस्ती मिशनरी संस्था आणि पश्चिमेकडे नंदुरबार, नवापूर पट्ट्यात स्कँडिनेव्हियन मिशन यांचं काम झालं. ऐकणारे बरेचसे आदिवासी आणि शेतमजूर, घरात अहिराणी, भिली नाहीतर मावची आणि पुस्तकाची मराठी मात्र भारदस्त, त्यामुळे एक जण वाचणार, बाकीचे ऐकणार आणि कुणीतरी लगेच घरच्या बोलीत समजावून सांगणार अशी रीत पडली. इंग्रज मिशनरी विल्यम कॅरींच्या श्रीरामपूर (बंगाल) छापखान्यातून मराठी नवा करार, म्हणजे बायबलचा दुसरा भाग, १८११ मध्ये निघाला होता, आणि पंडिता रमाबाईंनी तर साध्या बायाबापड्यांना कळावं म्हणून मूळ भाषा शिकून अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं, ते त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये छापून झालं. एका बाईने एवढं काम केलं याचं मोल आपण अजून नीट ओळखलेलं नाही असं मला मनापासून वाटतं.

घरगुती प्रार्थनेत रूथचं पुस्तक निघालं की हे शिकवणं कसं चालतं ते दिसतं. नातू वाचतो की परमुलखातली गरीब विधवा रूथ बेथलेहेमात बवाज नावाच्या मालकाच्या जवाच्या शेतात कापणी करणाऱ्यांच्या मागं सरवा, म्हणजे मागं पडलेली कणसं, वेचते, आणि जिनं स्वतः लोकांच्या वावरात दादर (रब्बी ज्वारी) कापलीये ती आजी त्याला मध्येच थांबवते, “मंग बवाजनी काय करं?” मग पुढचं वाचायचं, की बवाज गड्यांना सांगतो पेंढ्यांतली कणसं तिच्यासाठी मुद्दाम टाकत जा आणि तिला धमकावू नका. आता प्रश्न उलटा येतो, आपल्या वावरात मजुरी करायला येणाऱ्या बाईशी आपण कसं वागतो? पाळकाने, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूने, काही म्हणायची गरजच उरत नाही. लेवीय १९:९-१० मध्ये शेताच्या कडेपर्यंत कापू नका, ते गरिबाला आणि परक्याला राहू द्या अशी आज्ञाच आहे.

बाकी रोजचा नेम साधाच, सकाळी एखादा अध्याय आणि मनन, संडे स्कूलमध्ये पोरांचं वचन पाठांतर, रविवारी संदेश, आणि आता मोबाईलवर ऑडिओ बायबल लावून कामं करणारेही खूप झालेत.

यात एक धोका आहे, डोळे मिटून कुठलंही पान उघडायचं आणि बोट पडेल ते वचन आपल्यासाठीच आलं म्हणून लग्नाचा किंवा जमिनीचा निर्णय घ्यायचा. मत्तय ४ मध्ये सैतानसुद्धा येशूला स्तोत्र ९१ मधलंच वचन दाखवून मंदिराच्या शिरोभागावरून उडी टाक म्हणतो, आणि येशू त्याला बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकातल्या ६:१६ या वचनाने उत्तर देतो. म्हणून जाणते पाळक एक ओळ उचलू देत नाहीत, मागचं पुढचं वाचायला लावतात आणि मंडळीत चार जणांसमोर बोलायला सांगतात. प्रेषितांची कृत्ये ८ मधला कूशी (इथिओपियाचा) अधिकारीही रथात यशया वाचत होता, पण येशूचा प्रचारक फिलिप्प शेजारी येऊन बसला तेव्हाच त्याला त्याचा अर्थ लागला.