सभागृहातला माईक आणि त्याचं बटण

१८ फेब्रुवारी २०१४. लोकसभेत तेलंगण राज्यनिर्मितीचं विधेयक मंजूर होत होतं आणि घराघरांतल्या टीव्हीवरचं थेट प्रक्षेपण बंद पडलं. तांत्रिक बिघाड, असा खुलासा झाला. अनेकांना तो पटला नाही. सभागृहात, मग ते जिल्हा परिषदेचं का असेना, नवे माईक-कॅमेरे बसवायचं निघालं की किंमत विचारण्याआधी बटण कुठे असणार ते विचारावं, असं मला त्या दिवसापासून वाटतं.

सुरुवातीला मुद्दा निव्वळ ऐकू येण्याचा होता. लंडनचं हाउस ऑफ कॉमन्स १९४१च्या बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झालं. १९५०मध्ये ते पुन्हा उभं राहिलं तेव्हा वरून लोंबणारे माईक आणि बाकांच्या पाठीत बारीक लाउडस्पीकर बसवले गेले. सदस्याने नुसतं उभं राहून बोलायचं, पुढ्यात काही नाही. आपल्या विधिमंडळांनी बाकावर माईक ठेवायची पद्धत धरली. तिचा एक वेगळाच उपयोग २१ ऑक्टोबर १९९७ला उत्तर प्रदेश विधानसभेत दिसला. कल्याण सिंह सरकारच्या विश्वासमताच्या वेळी आमदारांनी माईक उपटून एकमेकांवर फेकले. डोकी फुटली.

संसदेत या यंत्रणेचा खरा व्याप वाढला तो भाषेमुळे. ७ सप्टेंबर १९६४ रोजी लोकसभेत इंग्रजी-हिंदी तत्काळ भाषांतराची सोय सुरू झाली. काचेच्या खोलीत बसलेला दुभाषा कानाला हेडफोन लावून ऐकतो आणि त्याच दमात दुसऱ्या भाषेत बोलतो. सदस्य बाकावर हवा तो चॅनल लावून ऐकतात. पुढे इतर भाषा आल्या. आगाऊ सूचना दिली तर मराठीतून बोलता येतं. कोकणीची सोय राज्यसभेत व्हायला मात्र जुलै २०१८ उजाडावा लागला. डोगरी, काश्मिरी, संथाली आणि सिंधी तिच्याबरोबरच आल्या आणि राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या बावीसही भाषा पूर्ण झाल्या.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. माईक फक्त आवाज मोठा करत नाही. त्याच तारेवर दुभाषा, ध्वनिमुद्रण आणि टीव्ही असे तिघे बसलेले असतात. माईक बंद झाला की बोलणारा कितीही ओरडो, त्याचं म्हणणं शेजारच्या दोन-चार बाकांपुरतं उरतं. मधल्या टेबलापाशी आळीपाळीने येऊन बसणाऱ्या, शब्दन् शब्द टिपून घेणाऱ्या प्रतिवेदकांना कदाचित ऐकू जाईल. काचेमागच्या दुभाष्याला नाही, आणि सोलापुरात टीव्हीसमोर बसलेल्या मतदाराला तर नाहीच.

कॅमेरे उशिरा आले. राष्ट्रपतींच्या अभिभाषणाचं थेट प्रक्षेपण पहिल्यांदा डिसेंबर १९८९मध्ये झालं. योगायोग असा, की ब्रिटनच्या कॉमन्समध्येही टीव्ही महिनाभर आधीच शिरला होता. १९९१पासून प्रश्नोत्तराचा तास चित्रित होऊन दाखवला जाऊ लागला. २००६मध्ये लोकसभा टीव्ही, २०११मध्ये राज्यसभा टीव्ही, २०२१मध्ये दोन्ही मिळून संसद टीव्ही. गोंधळ सुरू झाला की कॅमेरा पीठासीन अधिकाऱ्यांवर स्थिरावतो, ही तक्रार सगळ्याच पक्षांनी, म्हणजे विरोधात असताना, केलेली आहे.

सप्टेंबर २०२०च्या अधिवेशनात या तारांची कसोटी लागली. कोरोनामुळे अंतर राखायचं म्हणून एकाच सभागृहाचे सदस्य दोन्ही सभागृहांत आणि प्रेक्षक गॅलऱ्यांत विखरून बसले. मोठे पडदे लावले, गॅलरीतून बोलायची सोय केली, आणि दोन्ही सभागृहांनी पाळ्या वाटून घेतल्या. संसदीय समित्यांच्या बैठका ऑनलाइन घ्याव्यात, ही मागणी मात्र मान्य झाली नाही. या बैठका बंद दाराआड होतात, हे गुप्ततेचं कारण आडवं आलं.

आणि बटण? अध्यक्ष नाव पुकारतात, मग ध्वनिकक्षातला कर्मचारी त्या बाकाचा माईक सुरू करतो. राज्यसभेत तातडीचे विषय मांडायच्या शून्य प्रहरात तीन मिनिटं झाली की माईक आपोआप बंद होतो. विरोधकांचा माईक मुद्दाम बंद केल्याचा आरोप वारंवार झाला. २०२४मध्ये लोकसभेचे अध्यक्ष ओम बिर्ला यांनी सभागृहातच सांगितलं, की माईकचं नियंत्रण अध्यक्षांच्या आसनाकडे नसतं.

गावपातळीवर हा वाद अजून पोचायचाय. तिथे बहुतेकदा मंडपवाल्याकडून आणलेला एकच माईक असतो आणि तो ज्याच्या हातात, त्याची सभा. पण नगरपालिका आता बाकागणिक मानेसारखा वाकणारा माईक घेतात. असे संच जवळपास सारख्याच धाटणीचे असतात: एका वेळी किती माईक उघडे राहावेत ते ठरवता येतं, नाहीतर सगळेच शिट्टी मारू लागतात; आणि अध्यक्षांच्या संचावर एक जास्तीचं बटण असतं, जे दाबलं की बाकीचे माईक गप्प. एका वेळी दोन उघडे ठेवायचे की चार, अध्यक्षांचं बटण चालू ठेवायचं की नाही, हे संच बसवतानाच ठरतं. त्यावर सभेचा ठराव झाल्याचं मी तरी पाहिलेलं नाही; कंत्राटदाराचा माणूस जोडणी करता करता ते लावून जातो.