आजीचा सातवा सिंहस्थ

आमची आजी वय वर्षांत सांगतच नाही, सिंहस्थात सांगते, म्हणजे गुरू ग्रह सिंह राशीत आला की आमच्या नाशिकला भरतो त्या कुंभमेळ्यात. पहिला वडिलांचा हात धरून बघितला, दुसरा लग्नानंतर लगेच, आणि ते लग्नपण १९६७ च्या मे महिन्यात घाईघाईत उरकलेलं, कारण नंतर गुरू सिंह राशीत जाणार म्हणजे मुहूर्तच नाही. असे सहा झाले, आता २०२६-२७ चा सातवा. लहानपणी मला हे फार जुनाट वाटायचं, आयुष्य काय कोणी कुंभमेळ्यात मोजतं का. मग एकदा कागदावर आकडे मांडले आणि जरा गप्पच झालो.

गुरू ग्रहाला सूर्याभोवती एक चक्कर मारायला ११.८६ वर्षं लागतात, म्हणजे बाराला साधारण ५० दिवस कमी. आपण ढोबळ बारा म्हणतो, पण हे ५० दिवस साठत जातात, सात चकरांत जवळपास अख्खं वर्ष होतं आणि मग एखादा कुंभ अकराव्या वर्षीच येतो. हरिद्वारचा बघा ना, २०१० नंतर थेट २०२१. आकडा सोडला पण आकाश नाही सोडलं, हे मला जाम आवडतं.

या जानेवारीत गुरू पृथ्वीच्या बरोब्बर समोर होता, सगळ्यात मोठा आणि झगझगीत दिसतो तो काळ. पंचवटीत आमच्या गच्चीवर दुर्बीण लावली. नाशिकची जानेवारीतली थंडी माहितीये ना, आजी स्वेटरवर शाल, शालीवर मफलर अशी वर आली. डोळा लावायच्या आधी तिने भिंगावर फू केलं, धूळ असेल म्हणून, आणि सगळं धुरकट झालं. पुसून परत लावलं तर दिसला, फिकट पिवळसर गोळा, अंगावर दोन पट्टे आणि बाजूला एका रेघेत चार ठिपके. गॅलिलिओला १६१० च्या जानेवारीतच हे ठिपके दिसायला लागले, गुरूचे चंद्र. आजी म्हणाली, "अगं बाई, याला पण लेकरं आहेत." आणि तिथेच हात जोडले. तिने हात जोडले, मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा "आईशप्पथ" म्हणालो होतो. मला विचाराल तर दोन्हीत फार फरक नाही.

तिला सांगितलं, हा उजेड तिथून ३५ मिनिटांपूर्वी निघालाय, सुमारे ६३ कोटी किलोमीटर. ती म्हणे, "म्हणजे मी भाकऱ्या थापत होते तेव्हा." बरोबर.

मग तिने विचारलं वक्री म्हणजे काय रे, खरंच उलटा फिरतो का. नाही फिरत. कसारा घाटात आपण ट्रकला ओव्हरटेक करतो तेव्हा मागच्या डोंगराच्या मानाने ट्रक मागे मागे जातोय असं वाटतं की नाही, तसंच. पृथ्वी सेकंदाला ३० किलोमीटर पळते, गुरू १३, आणि आतल्या लेनमधून आपण दर तेरा महिन्यांनी त्याला मागे टाकतो. म्हणूनच यंदा ऑक्टोबर संपता संपता तो सिंह राशीत शिरणार, जानेवारीत परत कर्केत आणि जूनअखेर पुन्हा सिंहेत.

आता स्पष्टच बोलतो, गुरू सिंहेत गेल्याने गोदावरीच्या पाण्यात काही बदल होत नाही. समुद्राला भरती आणतात ते चंद्र आणि सूर्य, गुरूची ओढ इतक्या लांबून नगण्य. (रामकुंडाच्या पाण्यात काय काय मिसळतं हा वेगळा विषय, त्याला ग्रह जबाबदार नाहीत.) पण हे सांगून विषय संपला असं मला पूर्वी वाटायचं, आता नाही वाटत. २००३ ला मी बारा वर्षांचा होतो, गर्दीत आजीने मनगट इतकं घट्ट धरलेलं की वळ उठला होता. २०१५ ला चोवीसचा, तेव्हा मी तिचा हात धरला. पुढच्या वेळी छत्तीस. नुसत्या कॅलेंडरने मला हे कधी दाखवलं नसतं, कारण वर्षं कशी भराभर पलटतात. गुरू मात्र सावकाश फिरतो, माणसाच्या वाट्याला त्याच्या सहा-सात चकरा येतात, बोटांवर मोजण्याइतक्या, आणि मोजता येतं म्हणून मग प्रत्येकीत कोण होतं, कोण नव्हतं ते आठवतं. हे गुरूच्या वस्तुमानात सापडणार नाही, ते पृथ्वीच्या ३१८ पट आहे एवढंच तिथे सापडेल. आणि ११.८६ हा आकडा काही रामकुंडावर बसून आपोआप समजत नाही, पिढ्यान् पिढ्या कोणीतरी रात्री जागून वर बघितलंय तेव्हा कळलाय.

बोलता बोलता गुरू भिंगातून सरकून गेला होता. मी नळी हलवून परत धरला तोवर आजीचं डोकं भलतीकडेच चालू होतं. गुडघे दुखतात तिचे, शाही स्नानाच्या गर्दीत नेणं शक्यच नाही असं मी दोन महिने सांगतोय.

"हा गुरू एका राशीत किती दिवस असतो म्हणालास?"

"सरासरी काढली तर वर्षभर."

"मग त्या एका दिवशीच कशाला मरायला जायचं गर्दीत," ती म्हणाली, "एखाद्या मंगळवारी सकाळी जाऊ की, रिक्षाने."