सोयाबीन पिवळं पडलं की दर वेळी मोझॅकच नसतो

जुलैची झड उघडली की चार दिवसांत व्हॉट्सॲपवर पिवळ्या सोयाबीनचे फोटो फिरायला लागतात आणि खाली एकच प्रश्न असतो: "मोझॅकवर काय मारू?" त्यातल्या कित्येक शेतांत मोझॅक हा रोग नसतोच, लोहाची कमतरता असते. तरी पांढऱ्या माशीचं औषध, बुरशीनाशक आणि एक टॉनिक असं सगळं एकाच पंपात जातं. आठवड्याने पीक हिरवं झालं की श्रेय औषधाला मिळतं. खरं तर जमिनीतलं जादा पाणी ओसरून तिला वाफसा आलेला असतो.

येलो मोझॅक विदर्भ-मराठवाड्यात २०२३ मध्ये सगळ्यांनी पाहिला आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. तो विषाणू आहे, पांढरी माशी पसरवते आणि लागलेलं झाड बरं होत नाही.

घोळ होतो तो पान बघताना. शेंड्याचं नवं पान तोडा आणि उन्हाकडे धरा. लोह कमी असेल तर शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग एकसारखा फिकट होतो. हिरव्या दोऱ्याची जाळी विणल्यासारखं पान दिसतं. मोझॅकमध्ये गर्द पिवळे, वेडेवाकडे चट्टे हिरव्यात मिसळलेले असतात. चट्टा शिरेपाशी थांबत नाही, तिच्यावरून पलीकडे जातो. पुढे त्यात तांबूस ठिपके येतात. बांधावरून काढलेल्या अख्ख्या शेताच्या फोटोत यातलं काहीच दिसत नाही, आणि तसा फोटो बघून औषध सांगणाऱ्याचं ऐकूच नये.

शेंडाच का बघायचा? लोह जुन्या पानातून नव्या पानाकडे सहज सरकत नाही. म्हणून खालची पानं हिरवी आणि वरची पिवळी दिसतात. पिवळेपणा खालून वर चढत असेल, तर आधी नत्राचा विचार करा. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत लोह भरपूर असतं, पण झाडाला उचलता येईल अशा रूपात नसतं. त्यात पाणी साचलं की मुळांना हवा मिळत नाही आणि जे लोह मिळत होतं तेही थांबतं. म्हणूनच सखल भागातलं पीक एकदम पिवळं होतं. मोझॅक मात्र आधी इथे एक, तिथे दोन झाडांवर दिसतो.

लोहासाठी आधी चर काढून पाणी बाहेर काढा. वाफसा येऊनही शेंडा पिवळाच राहिला, तर १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम फेरस सल्फेट आणि २५ ग्रॅम चुन्याची गाळलेली निवळी घेऊन फवारा. युरिया टाकून हा पिवळेपणा जात नाही, पैसे मात्र जातात. रुंद वरंबा-सरीवर, म्हणजे उंच रुंद वाफ्यावर आणि मध्ये पाणी जायला सरी ठेवून पेरलं असेल तर ही वेळ क्वचितच येते. मी तर भारी जमिनीत सपाट पेरणी करूच नका म्हणेन.

मोझॅकची झाडं थोडी असतानाच उपटा आणि पिवळे चिकट सापळे लावा. पानं हलवल्यावर माशी उडत असेल तर तिच्यासाठी शिफारस असलेलंच कीटकनाशक घ्या. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातल्या कीटकनाशकांच्या एकामागून एक फवारण्या नकोत, त्यांनी पांढरी माशी उलट वाढते. उपटलेली झाडं खड्ड्यात गाडा. बांधावर टाकली तर त्यांच्यावरची माशी शेजारच्या शेतात जाते.