‘रिकामीच हाय’ : बंदुकीचा बार चुकून का उडतो

आमच्या मोठ्या बाबांकडे ठासणीची बंदूक होती, पीक राखायच्या लायसनवरची. भंडाऱ्याकडे दिवाळीच्या सुमारास धान पिकायला आलं की डुकरं वावरात घुसतात आणि एका रात्रीत बांधीच्या बांधी लोळवून जातात, म्हणून जागलीला जाताना ती बंदूक खांद्यावर असायची, बहुतेक वेळा नुसती दारू ठासून आवाज काढायला. मी तेव्हा सातवीत असेन. सकाळी ते ओसरीत बसून बंदूक पुसत होते, आम्ही पोरं समोर, ताई अंगणात सडा टाकत होती. आजीने विचारलं, भरली तं नाही ना रे? तर म्हणाले, “रिकामीच हाय, काल म्या सोता खाली केली.” आणि बार उडाला. नळी वर होती म्हणून फक्त कवेलू फुटले, छताला पाटीएवढं भगदाड पडलं आणि आमच्या कानात दुपारपर्यंत शिट्टी वाजत होती.

झालं असं होतं की रात्री जागलीला त्यांच्याऐवजी चुलतभाऊ गेला, त्यानं छर्रे घालून बंदूक भरली, डुक्कर काही आलं नाही, पहाटे झोपेत तशीच आणून खुंटीला टांगली. मोठे बाबा खोटं बोलत नव्हते, त्यांनी काल खरंच खाली केली होती. पण बंदूक काल रिकामी होती याचा आज काहीच उपयोग नसतो हो. हे मी इतकं खेचून सांगतोय कारण “चुकून बार उडाला” अशी बातमी कुठेही वाचली की माझ्या डोक्यात पहिले हेच येतं, कोण कोणाला म्हणालं असेल की रिकामी आहे.

ठासणीच्या बंदुकीत हा घोळ जास्त होतो कारण तिला मागून उघडून बघायची सोयच नसते. काडतुसाची दुनळी मधून मोडली की नळीतून आरपार उजेड दिसतो, संपला विषय, ठासणीत मात्र दारू, काथ्या, छर्रे सगळं तोंडाकडून आत जातं आणि बाहेरून काही कळत नाही. त्यावर जुनी आणि एकदम पक्की पद्धत आहे. बंदूक नक्की रिकामी असताना गज, म्हणजे दारू ठासायची सळी, नळीत बुडापर्यंत सोडायचा आणि नळीच्या तोंडाशी गजावर खाच करून ठेवायची. नंतर कधीही, आधी टोपी (घोडा आदळला की ठिणगी पाडून दारू पेटवणारी) काढून आणि हात-तोंड नळीसमोरून बाजूला ठेवून, गज आत सोडायचा. खाच तोंडाच्या वर राहिली म्हणजे आत काहीतरी आहे. त्या दिवसानंतर आमच्या गजावर अशी खाच आली.

अजून एक, ओली दारू. काळी दारू म्हणजे ढोबळ मानानं ७५ टक्के सोरा, १५ टक्के कोळसा, १० टक्के गंधक, आणि पावसाळी हवेत ती ओल धरते. मग टोपी वाजते पण बार निघत नाही, आणि माणूस काय करतो, नळी आपल्याकडे वळवून बघतो काय झालं. आत दारू हळूहळू धुमसत असू शकते आणि काही सेकंदांनी पेटते. म्हणून वाजून उडाली नाही तर नळी मोकळ्या जमिनीकडे धरून निदान एक मिनिट तसंच उभं राहायचं, कितीही घाई असली तरी.

आता बोटाकडे येऊ, कारण खरं विज्ञान तिथे आहे. बंदुकीचा चाप ओढायला साधारण दोन-अडीच किलोचा जोर पुरतो आणि मोठ्या माणसाच्या मुठीची पकड सहज तीस-चाळीस किलोची असते. रॉजर एनोका नावाच्या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञानं १९९१ मध्ये यावर लिहिलं होतं की माणसाच्या मनात नसताना हाताचे स्नायू तीन प्रसंगी आवळले जातात. एका हातानं काही जोरात धरलं की दुसरा हातही नकळत आवळतो, तोल गेला की आवळतो, आणि दचकलं की आवळतो. दचकल्यावर हे सगळं सेकंदाच्या पाचव्या भागाच्या आत होतं, म्हणजे मेंदूनं “थांब” म्हणायच्या आधीच. आपल्याकडची काळी जमीन पावसात कशी असते सगळ्यांना माहीत आहे, धुऱ्यावरून पाय घसरतो, एका हातानं बाभळीची फांदी पकडतो, आणि त्याच क्षणी दुसऱ्या हातातलं बोट जर चापावर असेल तर बार निघणारच, तिथं सवय, हुशारी, वीस वर्षांचा अनुभव काही कामाचं नाही. बोट चापाच्या कडीच्या बाहेर नळीच्या दिशेनं सरळ ठेवलं तर ते आवळलं तरी लाकडावर आवळतं. कुंपण ओलांडताना बंदूक रिकामी करून आधी पलीकडे ठेवायची तीही याचसाठी, आणि सेफ्टीच्या बटणावर फार विसंबू नका, बऱ्याच जुन्या दुनळी बंदुकांत ते बटण फक्त चापाला अडवतं, काडतूस उडवणाऱ्या आतल्या घोड्याला नाही, त्यामुळे झाडाला टेकवलेली बंदूक पडून आदळली तर सेफ्टी लावलेली असूनही उडू शकते.

नळी साफ आहे की नाही हेही बघायला पाहिजे. आपल्याकडे कुंभारीण माशी दिसेल त्या भोकात चिखलाचं घर करते, किल्लीच्या भोकात करते तर बंदुकीच्या नळीत का नाही करणार. १२ बोअरच्या काडतुसात दहा-अकरा हजार पीएसआय (टायरची हवा मोजतात तेच माप) इतका दाब तयार होतो, मोटारसायकलच्या टायरमध्ये तीसच्या आसपास असतो त्यावरून अंदाज करा, आणि एवढ्या दाबाला पुढे चिखलाचा बोळा आडवा आला तर नळी फाटते, अगदी नळीखाली जिथं डावा हात असतो तिथंही.

आणि छर्रे जातात किती लांब? एक सोपा हिशोब आहे, छर्रा जितके मिलिमीटर जाड त्याला ८० नं गुणा, तेवढे मीटर तो जास्तीत जास्त जाऊ शकतो. तीन मिलिमीटरचा बारीक छर्रा २४० मीटर, डुकरासाठी वापरतात तो आठ मिलिमीटरच्या वरचा जाड छर्रा साडेसहाशे मीटर. म्हणजे डुक्कर तीस मीटरवर असलं तरी त्याच्या मागचं अर्धा किलोमीटर वावर तुमच्या जबाबदारीत येतं, तिथं दुसऱ्याची जागल असते, शेकोटी असते.

रात्री डोळा अंधाराला पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि एकदा टॉर्च डोळ्यावर पडला की ते सगळं वाया जातं, त्यात अंधारात रंग दिसत नाही, कडा पुसट होतात. तास न् तास डुकराची वाट बघणाऱ्याच्या मनात डुक्करच असतं, मग तुरीत खसखस झाली की मेंदू उरलेलं चित्र स्वतः पूर्ण करतो. चैत्रात पहाटे मोह वेचायला बाया-पोरं अंधारातच निघतात, वाकून, जमिनीलगत, न बोलता. लांबून ते काय दिसत असेल याचा विचार करून बघा. आवाजावर कधीही बार काढू नये, पूर्ण जनावर आणि त्याच्या मागची जमीन दिसली तरच.

लग्नात हवेत बार काढणाऱ्यांबद्दल थोडक्यात. सरळ वर गेलेली रायफलची गोळी परत येताना सेकंदाला ९० मीटरच्या आसपास वेगानं येते आणि कातडी फाडायला ६० मीटर पुरतात, तिरपी गेली तर वेग आणखी जास्त राहतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर यासाठी शस्त्र कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे.

घरातल्या पोरांचं मात्र मला जास्त वाटतं. अमेरिकेत ८ ते १२ वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग झाला, २००१ मध्ये छापून आला. मुलांचे २९ गट एकेक करून एका खोलीत सोडले, तिथल्या ड्रॉवरमध्ये खरं पण निकामी केलेलं पिस्तूल ठेवलं होतं. २१ गटांना ते सापडलं, १६ गटांनी हातात घेतलं, १० गटांत कोणीतरी चाप ओढला. आणि हाताळणाऱ्यांपैकी बहुतेकांना बंदुकीच्या धोक्याबद्दल आधी काही ना काही शिकवलेलं होतं. म्हणजे पोराला सांगून ठेवणं पुरत नाही, आमच्याकडे खुंटी दाराच्या मागे होती आणि स्टुलावर चढलं की हात पुरायचा.

कवेलू फुटल्यावर मोठ्या बाबांनी त्याच आठवड्यात खुंटी उपटली. बंदूक लोखंडी पेटीत गेली, दारू आणि टोप्या दुसऱ्या खोलीत वेगळ्या कुलपात, आणि पेटीची चावी त्यांच्या करदोड्याला. आंघोळ करतानाही ती तिथंच असायची.