तुरुंगातली हाणामारी: लोट्यापासून अंडी-पावापर्यंत

तुरुंगात मारामारी झाली की बाहेर एकच वाक्य ऐकू येतं: गुन्हेगारच ते, आणखी काय करणार? इतिहास मात्र कैद्याच्या स्वभावापेक्षा कारभाराकडे जास्त बोट दाखवतो.

1855 मध्ये बिहारातल्या आरा आणि मुझफ्फरपूरच्या तुरुंगांत कैद्यांचे पितळी लोटे काढून घेतले आणि मातीची भांडी हाती दिली. लोट्याचं हत्यार होतं, ही साहेबांची भीती. पितळ घासून शुद्ध करता येतं, शौचाला नेलेलं मातीचं भांडं नाही. म्हणजे आता जातच बुडाली, ही कैद्यांची धास्ती. दोन्हीकडे कैदी उठले. मुझफ्फरपुरात तर आसपासची रयतही त्यांच्या बाजूने जमली आणि सरकारला लोटे परत द्यावे लागले.

पुढे 1894 चा कारागृह कायदा आला. त्याचा सगळा भर शिस्तीवर: बेड्या, एकांतकोठडी, फटके. त्यातलं कलम 23 मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. कैद्यालाच तुरुंगाचा अंमलदार नेमलं, तर त्याला सरकारी नोकर मानायचं, हे त्याने ठरवून दिलं. पगारी शिपाई कमी, म्हणून बराकीवर देखरेख कैदी वॉर्डरची. मग गणती, जेवणाचं वाटप, झोपायची जागा यांत त्याचा शब्द चालू लागतो. जिथे असा अधिकार असतो तिथे वशिला, वसुली आणि सूडही शिरतात.

भायखळ्याच्या महिला कारागृहात जून 2017 मध्ये जे घडलं, ते याच पार्श्वभूमीवर पाहायला हवं. जिचा जीव गेला ती बंदिनी स्वतः बराकीची वॉर्डर होती. सकाळच्या वाटपात दोन अंडी आणि पाच पाव कमी भरले, तिच्याकडे हिशोब मागितला गेला आणि तिला अमानुष मारहाण झाली, असा आरोप आहे. खुनाच्या गुन्ह्यात कारागृहाच्याच सहा महिला कर्मचाऱ्यांना अटक झाली. दुसऱ्या दिवशी बंदिनी छतावर चढल्या, तेव्हा त्यांच्यावरही दंगलीचा गुन्हा नोंदला गेला. माझ्या मते तो उद्रेक बेशिस्तीचा नव्हता. दाद मागायला दुसरी जागाच उरली नव्हती.

यात भर गर्दीची. 2022 च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत 4,36,266 जणांची जागा होती आणि आत 5,73,220 माणसं. त्यांतले 4,34,302 कच्चे कैदी, ज्यांच्या खटल्याचा निकाल अजून लागलेला नव्हता, म्हणजे दर चारांमागे तीन. शिक्षा झालेल्या पक्क्या कैद्याला शिक्षेतली सूट आणि फर्लो, म्हणजे तुरुंगातून मिळणारी ठरावीक रजा, गमावण्याची भीती असते, त्यामुळे तो सहसा जपून वागतो. कच्च्या कैद्याकडे गमावण्यासारखं असं काही नसतं. पुढची तारीख कधी, आपल्याला कोर्टात नेतील की नाही, हेही त्याला ठाऊक नसतं. घरच्यांची मुलाखत हुकली, नळाचं पाणी गेलं, पाठ टेकायच्या जागेवरून शब्द वाढला, एवढंही मग भडका उडायला पुरतं.