पाल्मा की लास पाल्मास? तिकीट काढण्याआधी एवढं बघा

गेल्या वर्षी नोव्हेंबरात भावजयीचा लंडनहून मेसेज आला. "ताई, नाताळात पाच दिवस पाल्माला जातोय. इथल्या अंधाराचा वीट आलाय. नुसतं समुद्रावर लोळणार!" सोबत दोन चित्रं होती. एक हॉटेलच्या बुकिंगचं, दुसरं एका लांबच लांब पुळणीचं. बुकिंग होतं भूमध्य समुद्रातल्या पाल्माचं आणि पुळण होती अटलांटिक महासागरातल्या लास पाल्मासची. या दोन शहरांमध्ये दोन हजार किलोमीटरहून जास्त अंतर आहे, म्हणजे साधारण मुंबई ते गुवाहाटी.

ही गल्लत कुणाचीही होईल. दोन्ही शहरं स्पेनची, दोन्ही बेटांवरची, दोन्हींची लोकवस्ती चार लाखांच्या आसपास, दोन्हींची ख्याती उन्हासाठी आणि दोन्ही नावं ताडामाडांच्या कुळातल्या झाडावरून आलेली. मी दोन्हीकडे राहून आलेय आणि दोन्ही मला मनापासून आवडतात. म्हणूनच एकीच्या आशेने दुसरीकडे जाऊन कुणी हिरमुसून परत येऊ नये असं वाटतं.

आधी पत्ते. पाल्मा हे मायोर्का बेटावरचं शहर, बालेआरिक बेटांची राजधानी. पुष्कळजण त्याला 'पाल्मा दे मायोर्का' म्हणतात. विमानतळाचा कोड पीएमआय. बार्सिलोनाहून विमान तासाभरात पोचतं, आणि रात्रीच्या बोटीत झोपलात तर सकाळी पाल्माच्या बंदरात जाग येते. लास पाल्मासचं पूर्ण नाव 'लास पाल्मास दे ग्रान कनारिया'. ते कॅनरी बेटांतल्या ग्रान कनारियावर, आफ्रिकेच्या वायव्य किनाऱ्यासमोर आहे. कोड एलपीए. माद्रिदहून विमानाला पावणेतीन तासांच्या आसपास लागतात आणि दक्षिण स्पेनहून बोटीने जायचं तर एका दिवसाहून जास्त. घड्याळही वेगळं. पाल्माची वेळ माद्रिदची, तर लास पाल्मास एक तास मागे, लंडनबरोबर. स्पेनच्या रेडिओवर वेळ सांगताना "कनारियात एक तास कमी" हे वाक्य इतक्यांदा येतं की तिथल्या पोरासोरांनाही ते पाठ असतं. व्हिसा मात्र दोन्हीकडे शेंगेनचाच चालतो.

'ला पाल्मा' नावाचं तिसरंही एक प्रकरण आहे. ते शहर नव्हे, कॅनरी समूहातलंच आणखी एक बेट. १९ सप्टेंबर २०२१ ला तिथे ज्वालामुखी जागा झाला आणि ८५ दिवस धुमसत राहिला. त्या बातम्या पाहून मायोर्काची सहल रद्द करायला निघालेली माणसं मला माहीत आहेत. तिकिटावर एसपीसी असेल तर तुम्ही या तिसऱ्या ठिकाणी चाललात. तारे पाहायचे असतील तर अवश्य जा, जगातल्या सर्वांत मोठ्या दुर्बिणींपैकी एक तिथल्या डोंगरमाथ्यावर आहे.

आता मुख्य गोष्ट, ऊन. जाहिरातीत दोन्ही शहरं 'वर्षभर सूर्यप्रकाश' म्हणून विकली जातात, पण पाल्माच्या उन्हाला ऋतू आहेत. ऑगस्टात पारा तिशीच्या वर आणि समुद्र २५-२६ अंशांवर. जानेवारीत दुपारचं तापमान जेमतेम १५, रात्री गारठा, आणि पाणी १४-१५ अंश. आकाश निळं असतं, कोटाची बटणं उघडून चौकात कॉफी घेत बसण्याइतकी ऊबही असते. पोहण्याचं मात्र नाव काढू नका. संगीतकार शोपाँ प्रकृतीला उतार पडेल या आशेने १८३८ च्या हिवाळ्यात मायोर्कात आला, वाल्देमोसा गावच्या मठात राहिला आणि तिथल्या ओल्या गारठ्यात आणखी आजारी पडला. बेट सुंदरच आहे, तो फक्त चुकीच्या महिन्यांत आला होता.

लास पाल्मास अक्षांशाने जवळपास दिल्लीच्या रेषेत येतं. डिसेंबरातला दिवस पाल्मापेक्षा तासाभराने मोठा. जानेवारीत दुपारी २१ अंश, ऑगस्टात २७. बारा महिन्यांत एवढाच चढउतार. समुद्र हिवाळ्यातही १८-१९ अंशांच्या खाली फारसा जात नाही. पहिल्या डुबकीला अंगावर काटा येतो, मग बरं वाटतं.

यात एक मेख आहे. लास पाल्मास उन्हाळ्यात ढगाळ असतं. भूगोलाच्या पुस्तकातले व्यापारी वारे आठवतात? ते ईशान्येकडून येऊन बेटाच्या उत्तर अंगाला धडकतात आणि जून ते ऑगस्ट शहरावर करड्या ढगांची चादर अंथरतात. स्थानिक लोक तिला 'पांसा दे बुर्रो' म्हणतात, म्हणजे गाढवाचं पोट. खाली उभं राहून वर पाहिलं की दिसतंही अगदी तसंच, सपाट, राखाडी आणि मऊ. गावातल्या लोकांना हे ढग हवेसे वाटतात, कारण त्यांच्यामुळेच शहर तापत नाही. चार दिवसांसाठी ऊन शोधत आलेल्याला मात्र चुटपुट लागते. अशा वेळी सरळ बस धरून तासाभरावरच्या मास्पालोमासला जावं. बेटाच्या दक्षिण टोकाला वाळूच्या टेकड्या आहेत आणि त्यांच्यावर आकाश लख्ख असतं.

म्हणून मला कुणी विचारलं तर मी आधी महिना विचारते. डिसेंबर ते मार्च असेल आणि पाण्यात उतरायचं असेल तर लास पाल्मास. मे, जून किंवा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर असेल तर डोळे मिटून पाल्मा. जुलै-ऑगस्टात पाल्माला गर्दी अंगावर येते आणि भाडी आकाशाला भिडतात. तेव्हा मी तरी जाणार नाही.

महिना ठरला की पुढचा प्रश्न: दिवसभर करायचं काय?

पाल्मा हे दगडांचं शहर आहे. इ.स.पू. १२३ मध्ये रोमनांनी वसवलेलं, मग तीनशेहून जास्त वर्षं मुसलमानी अमलात, आणि १२२९ मध्ये आरागॉनच्या पहिल्या जाउमे राजाने जिंकलेलं. त्याने मोठ्या मशिदीच्या जागी कॅथेड्रल उभारायला घेतलं. तिथले लोक त्याला 'ला सेऊ' म्हणतात. मधाच्या रंगाच्या दगडाची ही वास्तू समुद्रासमोर उभी आहे. आतला मधला भाग ४४ मीटर उंच, आणि तो पेलणारे खांब इतके सडपातळ की मान वर करून पाहताना छातीत धस्स होतं. बार्सिलोनाचा प्रसिद्ध वास्तुकार गाउदी १९०४ पासून दहा वर्षं इथे काम करत होता. वेदीवरचं ते अधांतरी छत्र त्याचंच.

पण मला विसरता येत नाही तो तिथला उजेड. पूर्वेच्या भिंतीत वर एक प्रचंड गोल खिडकी आहे, हजाराहून जास्त रंगीत काचांची. सकाळी ऊन तिच्यातून आत येतं आणि समोरच्या खांबांवर, जमिनीवर, बाकांवर बसलेल्या माणसांच्या खांद्यांवर रंगाचे ठिपके सरकत जातात. एक म्हातारी बाई जपमाळ घेऊन बसली होती, तिच्या हाताची पाठ आधी निळी झाली, मग जांभळी, मग तांबडी. तिने मान वर केली नाही. वर्षातून दोन दिवस, २ फेब्रुवारी आणि ११ नोव्हेंबरला, या खिडकीचं रंगीत प्रतिबिंब समोरच्या पश्चिमेच्या गोल खिडकीच्या बरोबर खाली पडतं आणि दोन्ही मिळून आठचा आकडा तयार होतो. तो पाहायला लोक पहाटेपासून रांग लावतात. त्या सुमारास जाणार असाल तर सहलीचा एक दिवस यासाठी राखून ठेवाच.

कॅथेड्रलमागच्या बोळांत जुने वाडे आहेत. रस्त्यावरून नुसती भिंत दिसते. दिंडी उघडी असली की आत फरसबंद चौक, दगडी जिना, कमानी, कोपऱ्यात विहीर. पुण्यातल्या जुन्या वाड्यांतून वाढलेल्या माणसाचा पाय तिथून निघत नाही. टेकडीवर बेल्वेर किल्ला आहे, चौदाव्या शतकाच्या सुरुवातीचा आणि चक्क गोल. चित्रकार मिरो १९५६ पासून शेवटपर्यंत याच शहरात राहिला, त्याचं काम करायचं दालन पाहता येतं. शहरालगत वाळू आहे, पण केवळ तिच्यासाठी पाल्माला जाऊ नये. त्यापेक्षा १९१२ पासून धावणाऱ्या लाकडी डब्यांच्या गाडीत बसून डोंगरातल्या बोगद्यांतून सोयेर गावाला जावं. हिवाळ्यात तिच्या फेऱ्या कमी होतात, मध्ये काही आठवडे ती बंदही असते, म्हणून वेळापत्रक आधी बघा.

लास पाल्मासमध्ये हे सगळं उलटं. जुना भाग आहे आणि छानही आहे. वेगेता त्याचं नाव. शहर वसलं २४ जून १४७८ रोजी, हुआन रेहोन या, स्पेनमधल्या कास्तिया राज्याच्या सरदाराने झाडांच्या राईशेजारी तळ टाकला तेव्हा. सांता आना चौकात कॅथेड्रलसमोर धातूचे कुत्रे बसलेत, पोरं त्यांच्या पाठीवर चढतात. १४९२ मध्ये अमेरिकेकडे निघालेल्या कोलंबसच्या 'पिंता' जहाजाचं सुकाणू याच बेटावर दुरुस्त झालं, आणि त्याच्या नावाचं संग्रहालय वेगेतात आहे. एका सकाळीत हा भाग पाहून होतो.

उरलेला सगळा वेळ लास कान्तेरासचा. जवळजवळ तीन किलोमीटरची पुळण, आणि तीही शहराबाहेर नव्हे, भर वस्तीत. इथे शहर एका चिंचोळ्या पट्टीवर आहे, एका अंगाला मोठं बंदर आणि दुसऱ्या अंगाला वाळू. मधलं अंतर दहा मिनिटांत चालून होतं. कचेरी सुटलेली माणसं चपला हातात घेऊन घरी जाताना दिसतात. आज्या घोट्याइतक्या पाण्यातून गप्पा मारत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालतात. किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर पाण्यात खडकाची एक लांब रांग आहे, 'ला बार्रा'. भरतीला ती बुडते. ओहोटी लागली की काळी पाठ वर येते, अटलांटिकच्या लाटा तिच्यावर फुटतात आणि अलीकडचं पाणी तळ्यासारखं निवांत होतं. तळाचे मासे दिसतात. लहान मुलं घेऊन जाणाऱ्यांनी हॉटेलच्या तारकांपेक्षा ओहोटीची वेळ बघावी. दक्षिण टोकाला मात्र खडकाचा आडोसा नाही, तिथे लाटांवर फळी घेऊन खेळणाऱ्यांचं राज्य.

खाण्याबद्दल, विशेषतः शाकाहारी मंडळींसाठी. पाल्माची ओळख म्हणजे एन्साइमादा, पिठीसाखर भुरभुरलेला गोल वळ्यांचा पाव. त्याच्या नावातला 'साइम' म्हणजे डुकराची चरबी, आणि पारंपरिक एन्साइमादा तिच्याशिवाय होत नाही. बेकरीत ती अगदी निरागस दिसते, म्हणून आधीच सांगितलेलं बरं. त्याऐवजी 'तुंबेत' मागा: बटाटा, वांगं आणि ढोबळी मिरची तळून थरावर थर, वर टोमॅटोचा रस. किंवा 'पा अंब ओली', म्हणजे तेल आणि टोमॅटो चोळलेला पाव. हा 'पा' आणि पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आलेला 'पाव' एकाच कुळातले.

लास पाल्मासला मला घरच्यासारखं वाटलं ते ताटामुळे. छोटे बटाटे सालासकट भरपूर मिठाच्या पाण्यात उकडायचे, पाणी ओतून द्यायचं आणि भांडं पुन्हा आचेवर हलवत राहायचं. साल सुरकुततं आणि त्यावर मिठाची पांढरी साय धरते. सोबत 'मोहो': लाल मिरची, लसूण, जिरं, तेल आणि व्हिनेगर, किंवा हिरवा हवा असेल तर कोथिंबिरीचा. पहिला घास घेतला आणि ठेच्याची आठवण झाली. 'गोफियो' म्हणजे धान्य भाजून दळलेलं पीठ, कास्तियाचे लोक यायच्या आधीपासून बेटांवरचे मूळ रहिवासी ते खात आले आहेत. दुधात कालवलं की वास थेट आपल्या सातूच्या पिठाचा. बाजारात हिंडताना सिंधी दुकानदार भेटतात, काहींच्या तिसऱ्या-चौथ्या पिढ्या. खुल्या बंदराचा व्यापार त्यांना इथवर घेऊन आला. आणि बसला इथे 'ग्वाग्वा' म्हणतात, तेवढा शब्द लक्षात ठेवा.

खर्चाचं थोडक्यात. मायोर्कात २०१६ पासून पर्यटकांकडून दर रात्रीचा वेगळा कर घेतात, बुकिंगच्या रकमेत तो धरलाय का ते विचारून घ्या. कॅनरी बेटांवर स्पेनचा २१ टक्के विक्रीकर लागत नाही, स्थानिक कर बहुतेक वस्तूंवर ७ टक्के आहे.

भावजयीने तिकिटं बदलली नाहीत, बदललं ते सामान. पोहण्याच्या कपड्यांच्या जागी स्वेटर आणि चालायचे बूट गेले. सोयेरची गाडी तेव्हा बंद होती, म्हणून दोघं बसने गेली. चौकात बसून काढलेला फोटो मला आला: निळं आकाश, पाठीमागे संत्र्यांनी लगडलेली झाडं, भावाच्या हातात नुकतंच सोललेलं एक आणि नाक थंडीने लाल. खाली तिने लिहिलं होतं, "ताई, फेब्रुवारीत चार दिवस सुट्टी आहे. ओहोटीच्या वेळा कुठे बघायच्या?"